बिया वगळून

अनारशाला खसखस लावायचं काम आमच्या घरी सासूबाईंचं. तांदूळ मी भिजवायचे, तीन दिवस पाणी मी बदलायचे, गुळात पीठ मी मळायचे. पण शेवटी पाटावर बसून केळीच्या पानावर खसखस पसरायची आणि तिच्यावर पिठाची गोळी बोटांनी थापायची, तो मान त्यांचा. खसखशीची बाजू वर ठेवून अनारसा तुपात सोडायचा. पीठ सैल झालं असेल तर तो तुपातच हसायचा, आणि मग त्या माझ्याकडे बघायच्या. मी कायद्यांची भाषांतरं करून पगार मिळवते आणि मला अनारशाचं पीठ साधत नाही, याची त्यांना भारी गंमत वाटायची.

खसखस म्हणजे अफूच्या बोंडातलं बी. मला हे लहानपणापासून माहीत होतं, पण त्यातला कायदा कळला तो १९९७ साली, 'गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५' असं लांबलचक नाव असलेल्या कायद्याचं मराठी माझ्या टेबलावर तपासायला आलं तेव्हा. त्यात व्याख्यांच्या कलमात अफूच्या झाडाचं सुकलेलं चिपाड म्हणजे काय ते सांगितलंय: कापणीनंतर उरणारे झाडाचे सगळे भाग, आणि मध्येच कंसात, बिया वगळून. कंसातल्या या दोन शब्दांमुळे सासूबाईंचे अनारसे कायदेशीर. नाहीतर दर दिवाळीला आमच्या स्वयंपाकघरात छापाच पडायला हवा.

तो कंस वाचून मी टेबलाशी एकटीच हसले होते. आणि मग पुढची दोन पानं मला वाचवेनात, कारण अण्णांना जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

अण्णा म्हणजे माझे वडील. वाईला मामलेदार कचेरीत कारकून होते. आयुष्यभर लोकांच्या अर्जांवर शिक्के मारले. खिशात तंबाखू-चुन्याची पितळी डबी असायची. तिच्या दोन तोंडांपैकी चुन्याचं तोंड कुठलं हे आम्हा मुलांना डोळे मिटून सांगता यायचं. १९९५ च्या पावसाळ्यात गालाच्या आत पांढरा चट्टा आला, दिवाळीला त्याची गाठ झाली. मिरजेला नेऊन किरणांचे शेक दिले. तीसच्या तीस शेक त्यांनी तक्रार न करता घेतले. पुढच्या उन्हाळ्यात गाठ परत आली, ती जबड्याच्या हाडात शिरूनच.

त्या दुखण्याबद्दल मी आजवर कुठे लिहिलं नाही, आताही फार लिहिणार नाही. एवढंच सांगते की ते गोधडीचा कोपरा दातात धरायचे, ज्या बाजूला दात धरता येत होते त्या बाजूला. सकाळी आई ती गोधडी उन्हात घालायची तेव्हा कोपऱ्याची शिवण उसवलेली असायची. ती दुपारी बसून पुन्हा टाके घालायची. असं सलग महिनाभर.

आमचे फॅमिली डॉक्टर भले माणूस. त्यांनी साध्या गोळ्या दिल्या, मग फोर्टविन या वेदनाशामकाची इंजेक्शनं दिली. ती दोन तास पुरायची, पुढे पुढे एक तास. एका रात्री आईने त्यांचा हातच धरला. ते म्हणाले, "वहिनी, यावर औषध एकच आहे, मॉर्फिन, अफूतून काढलेलं. पण ते माझ्या कपाटात सापडलं तर मी दहा वर्षं आत जाईन."

तिथून दादाची पायपीट सुरू झाली. साताऱ्याला गेला, पुण्याला गेला. एका ठिकाणी सांगितलं, आमच्याकडे हे ठेवतच नाही. दुसरीकडे म्हणाले, परवाना होता, संपलाय, नूतनीकरणाला पाठवलाय. तिसरीकडे औषध होतं, पण ते ऑपरेशनच्या टेबलावरच्या माणसासाठी, घरी न्यायला नव्हे. प्रत्येक ठिकाणाहून तो एक कागद घेऊन यायचा आणि अण्णा, ज्यांना बोलता येत नव्हतं, ते तो कागद हातात घेऊन शिक्का बघायचे. सवयच ती. सतरा दिवस दादा फिरला. अठराव्या दिवशी गरज उरली नाही.

म्हणून त्या कायद्याच्या कलम ८ वर मी अडकले. त्यात लिहिलंय की कोणीही व्यक्ती ही द्रव्यं तयार करणार नाही, बाळगणार नाही, विकणार नाही, विकत घेणार नाही, वाहून नेणार नाही, वापरणार नाही. आणि पुढे, वैद्यकीय किंवा वैज्ञानिक प्रयोजनाखेरीज. म्हणजे अपवाद होता! अण्णांनाही कायद्याने वगळलं होतं, अगदी खसखशीसारखं. मात्र खसखशीचा कंस जिथल्या तिथे मिटतो. अण्णांच्या अपवादाला शेपूट होती: या अधिनियमाने आणि त्याखालच्या नियमांनी ठरवून दिलेल्या रीतीने व तितक्याच मर्यादेत. आणि नियम करायचे होते प्रत्येक राज्याने आपापले. कायद्याच्या भाषेत काम करणाऱ्याला ठाऊक असतं की माणूस कलमात सहसा मरत नाही, तो नियमात मरतो.

हा कायदा घाईत झाला होता. १६ सप्टेंबर १९८५ ला राष्ट्रपतींची सही, १४ नोव्हेंबरला अंमल. जगभर ड्रग्जविरुद्ध कडक कायदे करण्याची लाट होती आणि आपल्याकडचे ब्रिटिशांच्या काळातले अफूचे कायदे, १८५७ चा, १८७८ चा आणि १९३० चा, फार मवाळ वाटू लागले होते. नव्या कायद्यात किमान शिक्षा दहा वर्षं सक्तमजुरीची. नोंदवहीत झालेली चूक आणि गल्लीतली तस्करी यांत फरक करायची फुरसत त्याला नव्हती. राज्यांनी नियम केले तेही त्याच धाकात. बाळगायचा परवाना वेगळा, वाहतुकीचा वेगळा, दुसऱ्या राज्यातून आणायचा वेगळा, आणि हे द्यायचे वेगवेगळ्या खात्यांनी. ते सगळे एकाच वेळी चालू असले तरच औषध हलणार. एक हातात येईस्तोवर दुसऱ्याची मुदत संपायची. औषध दुकानदारांनी आणि इस्पितळांनी शहाणपणाने ठरवलं की ही ब्याद नकोच. देशात मॉर्फिनचा वैद्यकीय वापर एकेकाळी वर्षाला काहीशे किलो होता, तो १९९७ साली १८ किलोंवर आला. सगळ्या भारताला मिळून १८ किलो. आमच्या बिल्डिंगच्या वाण्याकडे एरवी त्याहून जास्त खसखस असते.

आणि हा देश कोणता? जो औषधासाठी अफू कायद्याने पिकवतो आणि परदेशी पाठवतो. मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात परवाना घेतलेले शेतकरी बोंडांना चिरा देतात, चीक खरवडतात, वजन करून सरकारला देतात. नीमच आणि गाझीपूरला सरकारचे कारखाने आहेत. गाझीपूरचा तर १८२० पासूनचा. आमच्या अण्णांच्या वाट्याचा चीक बहुधा कुठल्यातरी बोटीतून साता समुद्रापार गेला आणि तिथल्या एखाद्या म्हाताऱ्याला रात्री झोप लागली. त्या म्हाताऱ्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

कायदा बदलला, पण कसा ते सांगायला हवं, कारण तो मोर्चा काढून बदलला नाही. केरळात डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्यासारखे काही लोक वर्षानुवर्षं एकच काम करत राहिले: अधिकाऱ्याला भेटायचं, नियमाचा मसुदा पुढे ठेवायचा, अधिकारी बदलला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. १९९८ मध्ये केंद्राने राज्यांना कळवलं की नियम सोपे करा, हा घ्या नमुना. काहींनी केले, बऱ्याच जणांनी फाइल सरकवली. जिथे केले तिथेही परवान्यांची भीती लगेच गेली नाही. शेवटी फेब्रुवारी २०१४ मध्ये, लोकसभेचं ते अधिवेशन संपता संपता, तेलंगणाच्या गदारोळात, दुरुस्ती मंजूर झाली. वर्तमानपत्रात मला तिची बातमी शोधावी लागली होती. 'अत्यावश्यक गुंगीकारक औषधे' असा एक नवा वर्ग कायद्यात आला, त्यांचे नियम करायचा अधिकार राज्यांकडून केंद्राकडे गेला, आणि २०१५ मध्ये मॉर्फिनसह सहा औषधं त्या वर्गात घातली गेली. आता इस्पितळाला पाच परवाने नकोत. राज्याच्या औषध नियंत्रकाची एक मान्यता पुरते.

'अत्यावश्यक' हा एक शब्द. १९८५ च्या मसुद्यात तो घालायला शाई किती लागली असती?

आता दुसऱ्या कायद्याकडे, पेटंटच्या कायद्याकडे, येते. तिथे आमच्या घरावर उलट प्रसंग होता.

माझ्या बहिणीचा मुलगा, तेव्हा सव्वीस वर्षांचा, टेम्पोवर होता. २००९ मध्ये पोटाच्या डाव्या बाजूला जड लागतं म्हणून गेला आणि रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी काही लाखांत. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर. बहिणीने फोनवर रडत सांगितलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे गोधडीच आली. पण परळला टाटा मेमोरियलमध्ये डॉक्टर त्याला म्हणाले की तुझ्या रोगाला रोज एक गोळी आहे, जेवणाबरोबर, मोठा पेलाभर पाण्यासोबत. टेम्पो चालव.

तिथल्या कागदावर खाली अणुऊर्जा विभाग असं वाचून भाचा घाबरला होता. "मावशी, मला अणुबॉम्बवाल्यांकडे का पाठवलंय?" मग त्याला गोष्ट सांगितली. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्याच कॅन्सरने गेल्या, सर दोराबजी टाटा ट्रस्टने १९४१ मध्ये हे इस्पितळ उभं केलं, १९५७ मध्ये ते केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाकडे आलं आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे, कारण किरणोपचार आणि अणुविज्ञान एकाच छताखाली असावं हे होमी भाभांनी ओळखलं. शेजारीच आपल्या डॉ. वसंत खानोलकरांनी १९५२ मध्ये उभारलेलं संशोधन केंद्र होतं, जिथे कमल रणदिवे उंदरांवर कॅन्सरचं काम करत होत्या. १९६६ मध्ये दोन्ही संस्था एक झाल्या. एका मंत्रालयातून दुसऱ्या खात्यात गेलेली फाइल, पण तिच्यामुळे संशोधनाला पैसा मिळाला तो आरोग्याच्या चिमुकल्या तरतुदीतून नव्हे, अणूच्या थैलीतून. भाचा म्हणाला, "बरं झालं."

गोळीचं नाव इमॅटिनिब. स्विस कंपनी नोव्हार्टिसची मूळ गोळी ग्लिव्हेक, महिन्याचा खर्च तेव्हा सुमारे १ लाख २० हजार. तीच गोळी भारतीय कंपन्यांची, ८ ते १० हजार. टेम्पोवाल्याला ८ हजारही सोपे नाहीत, पण ते उभे करता येतात. बहिणीने पाटल्या मोडल्या. सव्वा लाखासाठी मोडायला काही नव्हतंच.

हा फरक का होता? त्याचं उत्तर १९७० च्या पेटंट कायद्यात आहे. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालावर तो बेतला होता. त्याने औषधाच्या रेणूवर पेटंट द्यायचं नाकारलं. द्यायचं तर बनवण्याच्या कृतीवर, तेही थोड्या वर्षांसाठी. मी कार्यालयात नव्या मुलांना हे पुरणपोळीवरून सांगायचे. तुमच्या कृतीवर तुमचा हक्क, पुरणपोळीवर नाही. शेजारणीने वेगळ्या रीतीने पुरण शिजवलं तर तिची पोळी तिची. त्या एका तरतुदीवर भारताचा औषध उद्योग उभा राहिला आणि जगातल्या गरीब देशांचा दवाखाना झाला.

पुढे जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे १ जानेवारी २००५ पासून पुरणपोळीवरही पेटंट देणं भाग पडलं. संसदेत दुरुस्ती आली तेव्हा सरकारला डाव्यांचा पाठिंबा लागत होता आणि त्यांनी किंमत वसूल केली. ती म्हणजे कलम ३, खंड (डी) ची नवी शब्दयोजना. वकील मंडळी त्याला थ्री-डी म्हणतात, लाल-निळा चष्मा लावून बघायच्या सिनेमासारखं. कलम ३ हीसुद्धा वगळण्याचीच यादी आहे: पुढील गोष्टी म्हणजे शोध नव्हेत. तीत म्हटलं की माहीत असलेल्या पदार्थाचं नुसतं नवं रूप, ज्याने त्याची माहीत असलेली परिणामकारकता वाढत नाही, तो शोध नव्हे. खाली स्पष्टीकरण: क्षार, एस्टर, वेगळ्या घडणीचे स्फटिक, कणांचा आकार, हे सगळं तोच पदार्थ समजायचं.

नोव्हार्टिसने १९९८ मध्ये चेन्नईत अर्ज केला होता तो इमॅटिनिब मेसिलेटच्या बीटा स्फटिकरूपासाठी. मूळ रेणू आधीच जगजाहीर होता. अर्जाला हरकत घ्यायचा अधिकार कायद्याने 'कोणत्याही व्यक्तीला' दिला आहे. हे दोन शब्द माझ्या लाडक्या शब्दांपैकी आहेत; प्रतिस्पर्धी कंपनीच हवी असं नाही. मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने हरकत घेतली. म्हणजे ज्यांना गोळी लागते त्यांच्या बाजूचेच लोक. २००६ मध्ये अर्ज फेटाळला गेला. कंपनीने थ्री-डीलाच घटनाबाह्य ठरवायचा प्रयत्न केला, मद्रास उच्च न्यायालयाने २००७ मध्ये तो फेटाळला. २००९ मध्ये अपील मंडळानेही पेटंट नाकारलं. मग सर्वोच्च न्यायालय.

यातली शेवटची चार वर्षं आमच्या घरात कशी गेली असतील? खरं सांगायचं तर काही विशेष नाही. भाच्याला स्नायूंत गोळे यायचे, सकाळी डोळ्यांखाली सूज असायची, तो टेम्पो चालवायचा. त्याने लग्न केलं. मुलीला आधीच सगळं सांगून. निकालाचा दिवस उजाडला १ एप्रिल २०१३. दुपारी त्याचा फोन. कुठल्याशा टीव्हीवर पट्टी फिरत होती, इंग्रजी, त्याला नीट कळली नव्हती. "मावशी, माझी गोळी चालू राहणार ना? एप्रिल फूल नको करू."

चालू राहिली. न्या. आफताब आलम आणि मुंबई उच्च न्यायालयातून तिकडे गेलेल्या न्या. रंजना देसाई यांच्या खंडपीठाने पेटंट नाकारलं. कंपनीचा एक मुद्दा होता की नवं रूप शरीरात ३० टक्के अधिक शोषलं जातं. न्यायालयाने विचारलं ते साधं होतं: त्याने रोगी अधिक बरा होतो का? औषधाच्या बाबतीत परिणामकारकता म्हणजे उपचारातली परिणामकारकता, स्फटिक किती टिकतो, यंत्रातून किती सहज ओघळतो, ते नव्हे. मी त्या संध्याकाळी निकालपत्र संगणकावर उघडलं आणि 'एफिकसी' या शब्दाला काय म्हणावं यावर अर्धा तास घालवला. गुणकारिता? प्रभाव? परिणामकारकता? तो शब्द महिन्याला १ लाख १० हजार रुपयांचा होता. अनुवादकाला एवढा भारी शब्द रोज मिळत नाही.

याच्या आदल्या वर्षी, ९ मार्च २०१२ ला, पेटंट नियंत्रकाने हैदराबादच्या नॅटको कंपनीला यकृत आणि मूत्रपिंडाच्या कॅन्सरवरचं बायरचं औषध सोराफेनिब, पेटंट बायरकडे असतानाही, बनवण्याचा सक्तीचा परवाना दिला होता. २ लाख ८० हजारांचा महिना ८ हजार ८०० वर आला. मुंबई उच्च न्यायालयाने तो परवाना २०१४ मध्ये उचलून धरला. इतकी वर्षं झाली, तसा दुसरा परवाना निघालेला नाही. शस्त्र एकदा चालवून म्यानात ठेवलंय की गंजतंय, हे मला कळेनासं झालंय.

माझे एक मित्र औषध कंपनीत संशोधन करून निवृत्त झाले. त्यांना माझं हे सगळं भाबडं वाटतं. ते म्हणतात, पेटंट नाही तर पैसा नाही, पैसा नाही तर पुढची गोळी नाही. तुझा भाचा ज्या गोळीवर जगतोय ती कुणीतरी नफ्यासाठीच बनवली. यात तथ्य आहे, आणि कंपनीने अनेक भारतीय रुग्णांना ग्लिव्हेक फुकटही दिली, हेही मी नाकारत नाही. पण त्या गोळीची पूर्ण कुंडली मांडली तर तिच्यात सरकारी कायदा पावलोपावली दिसतो. ज्या गुणसूत्राच्या बिघाडावर ती बसते ते फिलाडेल्फियात १९६० मध्ये सापडलं. १९७१ च्या डिसेंबरात निक्सन यांनी राष्ट्रीय कॅन्सर कायद्यावर सही केली आणि अमेरिकी करदात्याचा पैसा प्रयोगशाळांत वाहू लागला. दोन गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते हे १९७३ मध्ये शिकागोत जॅनेट राउली यांनी दाखवलं. १९८३ मध्ये दुर्मीळ रोगांच्या औषधांसाठी तिथे वेगळा कायदा झाला, करसवलत आणि ठरावीक वर्षांची मक्तेदारी देणारा. ग्लिव्हेकने त्याचाही लाभ घेतला. मे २००१ मध्ये तिला मंजुरी मिळाली. आणि आपला निकाल लागला त्याच २०१३ सालात जगभरच्या शंभराहून अधिक रक्ताच्या कॅन्सरच्या तज्ज्ञांनी 'ब्लड' या नियतकालिकात एकत्र लिहिलं की या औषधांच्या किमती परवडण्यापलीकडे गेल्यात. त्यात ब्रायन ड्रुकर होते, ज्यांच्या चाचण्यांमुळे ती गोळी रुग्णांपर्यंत आली तेच. मी हे मित्रांना सांगितलं. ते म्हणाले, "शास्त्रज्ञांना हिशेब कळत नाही." आमची मैत्री अजून आहे.

१९८५ चा कायदा लिहिणाऱ्याने मनात संशयित म्हणून बसवला होता रुग्ण आणि त्याचा डॉक्टर. थ्री-डी लिहिणाऱ्याने बसवली कंपनी. दोन्ही कायदे संशयावरच उभे आहेत. मला कायद्याच्या संशयाचं वावडं नाही, त्याचं बोट कुणाकडे आहे ते मी आता आधी बघते.

तंबाखूचं थोडक्यात सांगते, नाहीतर अण्णा रागावतील. महाराष्ट्राने गुटख्यावर बंदी घातली २००२ मध्ये, ती २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. २०१२ मध्ये अन्नसुरक्षेच्या नियमांचा आधार घेऊन पुन्हा घातली: अन्नपदार्थात तंबाखू आणि निकोटिन मिसळता येणार नाही. मिसळता येणार नाही ना? मग आमच्या कोपऱ्यावरच्या टपरीत दोन पुड्या मिळू लागल्या, एकीत पानमसाला, दुसरीत तंबाखू, आणि मिसळण्याचं काम गिऱ्हाइकाच्या तळहाताकडे. कायद्याने वगळलेली जागा शोधायला वकील लागतोच असं नाही, टपरीवाला पुरतो. शिवाय गावाकडे बायकांच्या मिशरीला यातलं काहीच लागू होत नाही. तवा, तंबाखू आणि पहाट.

सासूबाईंना स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला २०१९ च्या जानेवारीत, एक्याऐंशी वर्षांच्या होत्या. डॉक्टरांनी काही करू नका म्हणून सांगितलं आणि पॅलिएटिव्हच्या, म्हणजे दुखणं हलकं करणाऱ्या सेवेच्या, लोकांचा नंबर दिला. पहिल्या दिवशी आलेल्या सिस्टर जेमतेम तिशीच्या. त्यांनी दुखण्याला दहापैकी किती मार्क विचारले. सासूबाई म्हणाल्या, "पेपर कोण तपासणार त्यावर आहे." मग हळूच म्हणाल्या, आठ.

गोळ्या आल्या एका कागदी पाकिटात. दहा मिलिग्रॅमच्या. दर चार तासांनी एक, रात्री झोपताना दोन, म्हणजे मध्ये उठायला नको. सोबत जुलाबाची गोळी, ती चुकवायची नाही, कारण मॉर्फिनने पोट हटकून बांधतं. सिस्टर दर आठवड्याला आल्या की पहिला प्रश्न तोच, "आजी, पोट साफ झालं का?" आणि मग उरलेल्या गोळ्या मोजणं, वहीत लिहिणं, माझी सही. वहीच्या पानावर बारीक अक्षरात १९८५ च्या अधिनियमाचं नाव होतं. मी सही करताना ते झाकलं जाईल असा अंगठा ठेवायचे. का, ते सांगता येणार नाही.

तिसऱ्या दिवशी दुखणं दोनवर आलं. त्यांनी तांदळाची पेज मागितली, वरून मेतकूट. रेडिओ लावून घेतला. एप्रिलमध्ये एकदा उठून बसल्या आणि म्हणाल्या की या वर्षीचे अनारसे तू करणार तर पीठ आत्तापासून शीक. शेवटचे दोन दिवस सोडले तर त्या कण्हल्या नाहीत. २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने हिशेब मांडला होता की भारतात अशा औषधांची जेवढी गरज आहे त्यातली जेमतेम ४ टक्के भागते. आम्ही त्या चारांत बसलो, पुण्यात राहतो म्हणून. वाईतलं घर आता बंद आहे. तिथे आज एखादा अण्णा असेल तर त्याचा दादा किती दिवस फिरेल?

सासूबाई मे महिन्यात गेल्या. तिसऱ्या दिवशी सिस्टर उरलेल्या गोळ्या न्यायला आल्या तेव्हा दादा वाईहून येऊन बसला होता. आता सत्तरीला आलाय, गुडघे गेलेत. मी पाकीट टेबलावर रिकामं केलं, सिस्टर पेनाच्या टोकाने दोन दोन सरकवत मोजू लागल्या.

दादा खुर्ची ओढून जवळ आला. "ही का ती?"

सिस्टरांना प्रश्न कळला नाही. मी म्हटलं, हो.

त्याने रुमालाने हात पुसला, एक गोळी उचलून तळहातावर घेतली आणि चष्मा वर करून बघत राहिला. उलटी केली, पुन्हा सुलटी.

"एवढीशी?"

"काका, मोजायच्यात," सिस्टर म्हणाल्या.

त्याने ती परत ठेवली. चोवीस झाल्या. सिस्टरांनी वहीत चोवीस लिहिलं, आणि साक्षीदार म्हणून खाली दादाची सही घेतली.